रेकॉर्ड कापण्याआधी थांबा! जुन्या तबकडीच्या फ्रेमचं खरं गणित



शिरूर किंवा दौंडमधल्या एखाद्या जुन्या घराचा माळा आवरायला काढा. पितळी डबे निघतात, बंद पडलेला रेडिओ निघतो आणि कधीकधी रेकॉर्डचा गठ्ठाही. १९८०च्या दशकात कॅसेट घरोघरी पोचल्या आणि तबकड्या माळ्यावर गेल्या. आज त्याच तबकड्या हाताने कोरून, फ्रेम करून विकता येतात. भांडवल थोडं, जागा एका टेबलाची. पण या धंद्यातलं पहिलं कौशल्य कापण्याचं नाही. काय कापायचं नाही, हे ओळखण्याचं आहे.

आधी माल ओळखा

७८ आरपीएमची जुनी तबकडी लाखेची असते. बहुतेक १० इंची, जड, एका बाजूला तीनेक मिनिटांचं गाणं. करवत लावली की तडकते. म्हणजे आपल्या कामाची नाही. पण म्हणून भंगारात देऊ नका! बालगंधर्वांची नाट्यपदं अशाच तबकड्यांवर निघाली होती. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेमुळे अशा तबकड्या जपणारे लोक एकत्र आले. शंका आली तर आधी जाणकाराला दाखवा.

आपला माल म्हणजे व्हायनल. १२ इंची एलपी, थोडी लवचिक. त्यातही वाजणारी एलपी कापू नका. हौशी लोक ती वाजवायला विकत घेतात. कदाचित तुमच्या फ्रेमपेक्षा जास्त पैसे देऊन. खोल ओरखडे पडलेली, वाकलेली, कडेला तुटलेली रेकॉर्डच करवतीखाली घ्या. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शिरूरहून एसटीने, दौंडहून रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

कापायचं कसं?

लेबल कोरडं ठेवून रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने पुसा. कागदावरचं डिझाइन चिकटवा, बारीक ड्रिलने भोक पाडा आणि सोनाराची बारीक करवत त्यातून घालून सावकाश चालवा. घाई केली की घर्षणाने प्लास्टिक वितळतं आणि पातं अडकतं. कडा पॉलिश पेपरने घासा. तोंडाला मास्क हवाच. मधलं लेबल मात्र शाबूत ठेवा. ही खरी रेकॉर्ड आहे, हे गिऱ्हाइकाला त्यावरूनच कळतं.

लेझरवाल्याकडे नेऊ नका. व्हायनल म्हणजे पीव्हीसी. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. माणसाला घातक, मशीनही गंजतं.

डिझाइन आपल्या मातीतलं

गायकांचे चेहरे कोरायचा मोह होतो. सावध! २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांचं नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला अंतरिम मनाई केली. आणि चेहरे तर सगळेच कोरतात. त्यापेक्षा बैलगाडा शर्यत, ढोलकी, रांजणगावचा महागणपती, दौंड जंक्शनवरची गाडी असं काही करा. हे पुण्या-मुंबईचा कारागीर सहसा करणार नाही.

आता गणित

समजा, रेकॉर्ड १०० रुपये, फ्रेम २५०, बॅकिंग आणि गोंद ४०, पॅकिंग-कुरिअर १२०. तुमचे तीन तास, तासाला ८० धरून २४०. एकूण ७५०. फ्रेम थेट १,२०० ला विकली तर ४५० उरले. दुकानात ठेवली आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर हातात ८४०. कुरिअर वाचलं तरी उरले फक्त २१०! त्यात पाचातली एक रेकॉर्ड कापताना फुटली, तर त्यातलेही काही गेले. स्वतःची मजुरी धरत नाहीत, तेच लोक सहा महिन्यांत म्हणतात, “धंद्यात काही राम नाही.”

म्हणून सुरुवात ऑर्डरवर करा. साठी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. गिऱ्हाईक स्वतःच्या घरातली खराब रेकॉर्ड आणून देईल, तर तिथे भाव प्लास्टिकचा नसतो, आठवणीचा असतो. फक्त कापण्याआधी त्यांच्यासमोर एकदा वाजवून बघा आणि लेखी होकार घ्या. एकदा कापलेली तबकडी परत जोडता येत नाही.

आणखी एक: आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा. बंद गाडीत रेकॉर्ड वाकते. माल सकाळी पोचवा आणि “थेट उन्हात टांगू नका” अशी चिठ्ठी मागे चिकटवा.

या आठवड्याचा गृहपाठ

फ्रेम बनवू नका. आधी दहा खराब रेकॉर्ड गोळा करा, दोन फ्रेमवाल्यांकडून भाव घ्या आणि ओळखीतल्या पाच जणांना विचारा, “एवढ्याला घ्याल का?” तिघांनी आगाऊ पैसे दिले, तरच करवत विकत घ्या.