वर्णमालेच्या शिस्तीचा कळफलक

चाकण औद्योगिक वसाहतीचा चौथा टप्पा खेड तालुक्यातील निघोजे गावच्या शिवारात पसरला, महिंद्रांचा वाहननिर्मितीचा कारखाना तेथे उभा राहिला, आणि ज्या गावाचा लेखनव्यवहार मुख्यतः तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा व फेरफार यांच्याभोवती फिरत असे, त्या परिसरात मराठीच्या जोडीला हिंदी, बंगाली, ओडिया बोलणारे कामगार नांदू लागले. इतक्या लिप्यांना एकच कळफलक पुरेल काय, या प्रश्नाचे उत्तर भारतीय अभियंत्यांनी पूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे, आणि त्याची उपेक्षा मला फार खटकते.

१९५५ साली गोदरेजने देशी टंकलेखन यंत्र निर्माण केले, तेव्हा अक्षर म्हणजे पोलादी दांडीवरचा ठसा होता. सुमारे पंचेचाळीस कळांत देवनागरी बसवताना अक्षरांची शकले करणे भाग पडले. अर्धा 'ण' किंवा अर्धा 'ष' उमटवून त्याला काना जोडावा लागे, आणि ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाच्या आधी द्यावी लागे, म्हणजे कारकुनाची बोटे उच्चाराचा क्रम सोडून आकृतीच्या क्रमाने चालत.

संगणकाने ठशाचे हे बंधन तोडले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची रचना प्रमाणित केली, १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले, आणि कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे वाढवले. या रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. 'क' ज्या कळेवर, तिच्यावरच शिफ्टसह 'ख', तसेच 'ग' आणि 'घ', 'त' आणि 'थ'. अल्पप्राण व महाप्राण यांचे प्राचीन नाते येथे बोटांना कळते. 'कि' लिहिताना आधी 'क' दाबावा, मग वेलांटी. तिला डावीकडे नेऊन बसवण्याचे काम यंत्राचे. शिवाय ज्या कळेवर मराठी 'क', त्याच कळेवर बंगाली आणि ओडिया 'क'. मराठीचा स्वतःचा 'ऱ्या'तला 'ऱ'देखील 'र'च्या कळेवर शिफ्टसह मिळतो.

आज मात्र हातातल्या फोनवर रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची सवय सार्वत्रिक झाली असून, 'ट' आणि 'त' एकाच रोमन अक्षरातून मागून घेताना योग्य शब्द निवडण्याचा भार वारंवार लिहिणाऱ्यावरच पडतो. बोलून लिहिण्याची सोय आली खरी. परंतु कारखान्यात जेथे प्रेस यंत्रांचे घाव अखंड पडत असतात तेथे तिचा निभाव लागणे कठीण, आणि पाळीच्या नोंदी करणाऱ्याला कळाच विश्वासाच्या वाटतात.