सत्तावीस अंशांची हुडहुडी

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात झळकतो. विंचूरच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, धूर केला जातो आणि वीज असेल तर विहिरीचं पाणी ठिबकने बागेत सोडलं जातं. हे पाणी त्या वेळी हाताला चक्क कोमट लागतं. जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे साधारण पंचवीस अंशांच्या घरात राहतं आणि साठवलेली ती ऊब वेलींना देतं. स्वेटर-मफलर चढवलेला बागायतदार त्या थंडीत दोन-तीन तास सहज काढतो. हाच माणूस सुट्टीत मालवणला गेला आणि त्याने त्या विहिरीपेक्षाही किंचित उबदार, २७ अंशांच्या समुद्रात सलग चाळीस मिनिटं काढली, तर दात वाजवत वर येण्याची शक्यता बरीच आहे. समुद्रात काय घालून उतरायचं, हा प्रश्न या विसंगतीतून सुरू होतो. ‘उष्ण कटिबंधातला समुद्र म्हणजे गरम पाणी’ असं धरून चाललं तर त्याचं उत्तर हमखास चुकतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत ते सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं, आणि स्वतः जेमतेम तापतं. बागेतल्या वेलीला ऊब देणारा गुण हाच. फक्त समुद्रात व्यवहार उलटा होतो. देणारे आपण, घेणारा समुद्र. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर जुन्या शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतं. उघड्या अंगाने पाण्यात निवांत पडून राहिलं तर हा जमाखर्च बरोबरीत सुटायला पाणी ३३ ते ३५ अंशांचं असावं लागतं. मालवणला ऑक्टोबर ते मे या पर्यटनाच्या हंगामात पृष्ठभागाचं पाणी साधारण २६ ते ३० अंशांचं असतं. म्हणजे मे महिन्यातही खातं तुटीतच. शिवाय पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीतली हवा कोरडी असते. तिला ओलावा आणि ऊब देण्यात प्रत्येक श्वासागणिक थोडी उष्णता जातेच. तूट किती आणि ती किती वेळ चालणार, यावर सगळं ठरतं. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली जाणारे बहुतेक पर्यटक उथळ पाण्यात, प्रशिक्षकाचा हात धरून, पंधरा-वीस मिनिटं राहतात. त्यांना थंडीसाठी वेटसूट नसला तरी फारसं बिघडत नाही. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा अंगरखा पुरतो, आणि तोही मुख्यतः ऊन, जेलीफिश आणि धारदार शिंपल्यांनी भरलेले खडक यांच्यासाठी. पण एमटीडीसीच्या तारकर्लीच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन पुढे दिवसाला दोन-तीन डुबक्या मारणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. पहिल्या डुबकीतली तूट भरून निघायच्या आत तो दुसरीला उतरतो.

वेटसूटविषयी एक समज घट्ट बसला आहे: आत शिरलेलं पाणी शरीराच्या उबेने तापतं आणि तेच आपल्याला गरम ठेवतं. पाणी तापतं हे खरं, पण ऊब टिकवण्याचं श्रेय त्याचं नव्हे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेटसूटची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट हीच होती. अंग कोरडं ठेवायची गरज नाही; कापडातच वायू कोंडलेला असला की झालं. निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांनी भरलेलं फेसाळ रबर. द्राक्षांच्या शीतगृहाच्या भिंतीतलं पफ पॅनेल किंवा थर्माकोलची पेटी याच तत्त्वावर चालते. आतलं पाणी जागच्या जागी राहिलं, तर ते एकदाच तापवावं लागतं. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला नवं थंड पाणी आत येतं आणि आपण समुद्र तापवत बसतो. म्हणून भाड्याने सूट घेताना जाडी विचारण्याआधी तो मानेशी, काखेत आणि कमरेच्या खोलगट भागात अंगाला चिकटतो का, हे पाहावं. अंगाशी बसलेला तीन मिलिमीटरचा सूट ढगळ पाच मिलिमीटरला सहज हरवतो.

शीतगृहाची भिंत मात्र खोल पाण्यात उतरत नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. रबर दबत नाही, पण बुडबुडे दबतात. दहा मीटरवरच त्यांचं आकारमान निम्म्याकडे झुकतं. खोलीवर तीन मिलिमीटरचा सूट तीन मिलिमीटरचा राहत नाही. आणि पाणी जास्त थंड कुठे असतं? तिथेच. समुद्राचं तापमान वरून खाली हळूहळू उतरतच जाईल असं नाही. वरच्या उबदार थराखाली अचानक थंड थर लागतो, त्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. हाताचा पंजा खाली आणि खांदा वर असेल तर दोन्हींत फरक जाणवावा, इतकी ती कधीकधी रेखीव असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर हा खेळ दर पावसाळ्यात होतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर चढतं आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्यावर झाकण घालतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात याच्या वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या आहेत. हंगामाच्या तोंडावर हे पाणी अजून मागे हटलेलं नसेल, तर वरचा आकडा ऐकून निवडलेला सूट खाली तोकडा पडतो. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर समुद्रात आत असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठाराचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल आहे. तिथे तर पृष्ठभागाच्या तापमानावर भिस्त ठेवताच येत नाही.

मग सरळ जाडातला जाड सूट का घेऊ नये? आक्षेप रास्त आहे, पण जे बुडबुडे ऊब देतात तेच तरंगवतातही. जाड सुटाला खाली न्यायला कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं. खोलीवर सूट दबला की तेच शिसं खाली ओढतं. वर येताना बुडबुडे पुन्हा फुगतात आणि पाच मीटरवरच्या सुरक्षा-थांब्याला नवखा माणूस बुचासारखा वर उसळतो. आणि मे महिन्यात मालवणच्या होडीवर, उन्हात, पाच मिलिमीटरचं काळं रबर घालून अर्धा तास बसणं म्हणजे पाण्यात उतरण्याआधीच उष्माघाताला आवतण. प्रचलित ठोकताळा वाईट नाही: २८ अंशांच्या वर लायक्रा किंवा अगदी पातळ सूट, २५ ते २८ ला तीन मिलिमीटर, त्याखाली पाच. माझी दुरुस्ती एवढीच, की यातला अंश तळाचा धरावा आणि दिवसातल्या शेवटच्या डुबकीचा विचार करून सूट ठरवावा. दोन जाडींमध्ये अडकलो तर पूर्ण सूट बदलण्याऐवजी पातळ हूड सोबत ठेवावा. बाकी अंग झाकलेलं असताना उघडं डोकं बरीच ऊब घालवतं, आणि हूड खिशात मावतो.

‘आमच्या कोळ्यांची पोरं उघड्या अंगाने बुडी मारतात, सवयीचा प्रश्न आहे,’ हा दुसरा आक्षेप. सवयीत तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा कोरियात सापडतो. जेजू बेटाजवळच्या हेन्यो बायका साध्या सुती कपड्यांत भर हिवाळ्यातही शिंपले काढायला बुडी मारत. १९६० च्या दशकातल्या अभ्यासांत त्यांचं शरीर हिवाळ्यात जास्त उष्णता तयार करतं आणि कुडकुडायला उशिरा लागतं, असं दिसलं. पण हिवाळ्यात त्या पाण्यात फार थोडा वेळ राहत. सत्तरच्या दशकात त्यांनी वेटसूट घेतले, पाण्यातला वेळ वाढवला, आणि काही वर्षांतच ती खास क्षमता ओसरली. रोज थंडी खाऊन कमावलेलं बळ वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्याला उसनं मिळत नाही. अंगावरच्या चरबीचा फायदा खरा आहे, सडपातळ माणूस आणि लहान मूल लवकर गारठतात. त्यामुळे बरोबरच्याला थंडी वाजत नाही हे आपल्याला न वाजण्याचं प्रमाण नव्हे.

थोडं कुडकुडलं तर काय झालं, असंही कोणी म्हणेल. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाणबुड्यांच्या एका गटाला तळाशी उबदार आणि वर येताना गार, तर दुसऱ्या गटाला नेमकं उलट ठेवलं होतं. तळाशी ऊब मिळाली की रक्ताभिसरण जोरात चालतं आणि नायट्रोजन ऊतींत भरपूर शिरतो. वर येताना गारठलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि तो बाहेर पडायला वाट राहत नाही. पहिल्या गटात विसंपीडन-व्याधी (डिकम्प्रेशन सिकनेस), म्हणजे अंगात अडकलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होऊन जडणारा विकार, स्पष्टपणे जास्त आढळली. ते प्रयोग खोल आणि लांब डुबक्यांचे होते, मालवणच्या आठेक मीटरच्या डुबक्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यांतलं एक तापमान लक्ष वेधून घेतं: तिथे ‘उबदार’ म्हणजे ३६ अंश होते आणि ‘गार’ म्हणजे २७.

शेवटी होडीवरचा वेळ, ज्याचा हिशेब फार कमी जण धरतात. ओला सूट आणि वारा यांची जोडी अंगाचा माठ करते. बाष्पीभवन होत राहतं आणि ऊन असूनही आतलं गार होत जातं. पहिल्या डुबकीनंतर सूट कमरेपर्यंत उतरवावा, अंग पुसून वारा अडवणारं जाकीट घालावं, काहीतरी गरम प्यावं. मध्ये तासभर असा काढला तरच तीन मिलिमीटर दुसऱ्या फेरीला पुरतात. त्या तासातही कुडकुडणं थांबलं नाही, तर दुसरी डुबकी उद्यावर टाकावी.