निम्म्यावर थांबलेली गोष्ट

आवडत्या कादंबरीवर आधारित चित्रपट पाहून वाचकाचा हिरमोड होतो, हा अनुभव कदाचित तुम्हालाही आला असेल. पुढील उदाहरणात मात्र खुद्द लेखकच दुखावला गेला.

जर्मन लेखक मिखाएल एंडे यांची ‘न संपणारी गोष्ट’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक बास्तियान हा एकलकोंडा शाळकरी मुलगा आहे. आई वारलेली, वडील दुःखात बुडालेले आणि वर्गातील मुले छळणारी. एका दुकानातून पुस्तक चोरून तो शाळेच्या माळ्यावर वाचत बसतो. त्या पुस्तकातील कल्पनाराज्य हळूहळू नाहीसे होत आहे. तेथील आजारी सम्राज्ञीला नवे नाव मिळाले, तरच ते वाचणार. बास्तियान तिला नाव देतो.

वोल्फगांग पीटरसन यांनी दिग्दर्शित केलेला १९८४ सालचा चित्रपट जवळजवळ येथेच संपतो. पुस्तकात ही जेमतेम निम्मी वाट! पुढे बास्तियान स्वतः त्या राज्यात शिरतो. तेथे त्याच्या इच्छा पुऱ्या होतात. तो देखणा होतो, बलवान होतो. परंतु प्रत्येक इच्छेगणिक त्याची एकेक आठवण पुसली जाते. सावध करणाऱ्या मित्रालाही तो तलवारीने जखमी करतो. अखेरीस आईवडील आणि स्वतःचे नावदेखील तो विसरतो.

दीड-दोन तासांत सारे मावणार नाही, हे मान्य. दलदलीत घोडा रुततो ते दृश्य तर आजही मन हेलावून टाकते. तक्रार गाळलेल्या भागाची नाही, बदललेल्या शेवटाची आहे. चित्रपटात बास्तियान ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या मुलांना पळवून लावतो. ज्या इच्छापूर्तीची जबर किंमत कादंबरी दाखवते, तीच येथे फुकटचे बक्षीस ठरते.

एंडे यांनी या चित्रपटाशी असलेला संबंध नाकारला. ते न्यायालयात गेले. पण दावा हरले. उत्तरार्धातील काही भाग १९९० सालच्या दुसऱ्या चित्रपटात आला, तोही बराच बदलून.

पुस्तकातला बास्तियान कोणाचाही सूड घेत नाही. तो घरी परततो, वडिलांना सारी हकिकत सांगतो आणि त्यांच्या डोळ्यांत त्याला अश्रू दिसतात. नंतर तो त्या दुकानात जातो आणि चोरी कबूल करतो.