एका धाग्याचा स्वेटर

मराठीत 'विणणे' हा शब्द पुष्कळ कामांना चालतो. बाज विणतात, चटई विणतात, मागावर घोंगडी विणतात आणि दोन सुयांवर स्वेटरही विणतात. परंतु घोंगडी आणि स्वेटर यांची रचना अगदी निराळी असते. घोंगडीचे उभे धागे आधी मागावर ताणून बसवतात व आडवा धागा त्यांच्यातून एकदा वरून, एकदा खालून नेतात. स्वेटरला असे उभे-आडवे धागे नसतात. तेथे एक लांब धागा असतो आणि त्याचा प्रत्येक वळसा आधीच्या वळशातून ओढून घेतलेला असतो. या वळशाला 'टाका' म्हणतात. विणकामाचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. ते कसे, हे आपण पाहू.

कापड ताणते कसे?

प्रथम एक सोपे निरीक्षण करा. सदऱ्याचे कापड आणि बनियनचे कापड भिंगाखाली पाहा. सदऱ्यात उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी दिसेल. बनियनमध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या आकृत्यांच्या उभ्या रांगा दिसतील. म्हणजे बनियन हेही टाक्यांचेच कापड आहे, फक्त ते यंत्रावर तयार झालेले आहे. टाके घालणारे पहिले यंत्र विल्यम ली याने इंग्लंडमध्ये १५८९ साली मोजे विणण्यासाठी बनवले.

आता दोन्ही कापडे आडवी ओढा. सदरा फारसा ताणत नाही, कारण त्यातले धागे आधीच जवळजवळ सरळ असतात. बनियन मात्र चांगलेच ताणते. येथे धाग्याची लांबी वाढत नाही. वाकलेला वळसा थोडा सरळ होतो इतकेच. ताणताना पट्टीने मोजा. रुंदी वाढते तशी उंची कमी होते, कारण टाक्यातला धागा तेवढाच असतो.

स्वेटरच्या खालच्या काठाला 'एक सुलट, एक उलट' विणतात, तेही याचसाठी. सुलट टाक्यांची रांग पुढे येते आणि उलट टाक्यांची मागे जाते. त्यामुळे कापडाला बारीक उभ्या घड्या पडतात. ओढले की त्या उघडतात आणि सोडले की मिटतात. म्हणून काठ कमरेला बिलगून बसतो.

या रचनेत एक धोकाही आहे. प्रत्येक टाका वरच्या टाक्याने धरलेला असतो. सुईवरून एक टाका निसटला, तर त्याने धरलेला खालचा टाकाही सुटतो आणि शिडीसारखी भेग खाली उतरत जाते. मात्र याच कारणाने चुकलेला स्वेटर पूर्ण उसवता येतो आणि धागा पुन्हा वापरता येतो. सदऱ्याचे कापड एकदा कापले की तशी सोय नाही.

कात्रीशिवाय बेतणे

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचे घराणे शिंप्याचे होते. शिंपी तयार कापड अंगाच्या मापाने बेततो, कापतो आणि शिवतो. विणणाऱ्याला कात्री लावता येत नाही, कारण धागा तुटला की टाके सुटू लागतात. म्हणून बगलेपाशी दोन टाके एकत्र विणून ओळ लहान करतात आणि बाहीला टाके वाढवून ती रुंद करतात. शिंप्याचे माप चालते ते समोर असलेल्या कापडावर. विणणाऱ्याला मात्र कापड तयार होण्याआधीच हिशेब करावा लागतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांत कडक थंडी थोडेच दिवस असते. दिवाळीनंतर घातलेल्या टाक्यांचे माप चुकले आणि ते डिसेंबरअखेर ध्यानात आले, तर उसवून पुन्हा विणेपर्यंत थंडी सरते. पुढच्या हिवाळ्यापर्यंत मूल वाढलेले असते!

हिशेब कसा करावा?

समजा, स्वेटरचा घेर ८० सेंमी. हवा आहे. त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर एक चौकोनी नमुना विणा. नमुन्याच्या कडा वळतात, म्हणून तो १० सेंमी.पेक्षा मोठा घ्या. धुऊन वाळवल्यावर मधल्या १० सेंमी.मध्ये किती टाके बसतात ते मोजा. ते २२ भरले, तर ८० सेंमी.साठी ८ × २२ = १७६ टाके लागतील.

काही जण घाईने २.५ सेंमी.च मोजतात. तेथे साडेपाच टाके असतात, पण अर्धा टाका नजरेतून सुटतो आणि 'पाच' अशी नोंद होते. मग १० सेंमी.मध्ये २० टाके धरून केवळ १६० टाके घातले जातात. प्रत्यक्षात घेर भरतो ७३ सेंमी.च्या आसपास. म्हणजे अर्ध्या टाक्याने सात सेंमी. खाल्ले! हीच अर्ध्या टाक्याची चूक १० सेंमी. मोजताना झाली असती, तर फरक दोन सेंमी.हूनही कमी पडला असता. मोजमाप जितक्या मोठ्या लांबीवर घ्यावे तितकी चुकीची टक्केवारी घटते. प्रयोगशाळेत लंबकाच्या एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलनांचा वेळ घेतात, त्यामागचे कारण हेच आहे.

लोकर घेताना

बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा धागा अ‍ॅक्रिलिक असतो. तो रासायनिक कारखान्यात बनतो. खरी लोकर म्हणजे मेंढीचे केस, आणि ते केराटिन या प्रथिनाचे असतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असते. ती घोंगडीला उत्तम, पण अंगाला टोचते. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली वाटत नाही. अ‍ॅक्रिलिक फारच थोडे बाष्प शोषते, पण ते स्वस्त असते व धुण्यास सोपे जाते. खरी लोकर गरम पाण्यात चोळली, तर केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. ऊब मात्र दोन्ही प्रकारांत मुख्यतः टाक्यांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे मिळते. स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे.

सुयांचे क्रमांकही नीट पाहावेत. आपल्याकडील पद्धतीत क्रमांक मोठा तितकी सुई बारीक. ८ क्रमांकाची सुई ४ मिमी. जाड असते, तर १० क्रमांकाची ३.२५ मिमी.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे वेष्टणावरील 'लॉट' क्रमांक. रंगाच्या प्रत्येक घाण्यात रंगाचे प्रमाण, तापमान किंवा वेळ यांत किंचित फरक पडतो. दोन गुंडे शेजारी ठेवले तर तो कळत नाही, पण विणलेल्या कापडावर स्पष्ट पट्टा दिसतो. त्यामुळे सगळी लोकर एकाच लॉटची हवी. ती किती लागेल, हेही नमुनाच सांगतो. शाळेच्या तराजूत १० × १० सेंमी.चा नमुना ५ ग्रॅम भरला आणि स्वेटरचे एकूण क्षेत्रफळ ५५०० चौ. सेंमी. असले, तर ५५ × ५ = २७५ ग्रॅम. काठ व जोड धरून ३०० ग्रॅम घ्यावी. नमुना विणून होईपर्यंत त्या लॉटचे उरलेले गुंडे दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगावे.

करून पाहा

वर्गातील पाच जणांनी एकाच गुंड्याची लोकर व सारख्याच सुया घेऊन प्रत्येकी ३० टाक्यांचा नमुना विणावा. १० सेंमी.मधील टाके मोजून तक्ता करावा. आकडे बहुधा सारखे येणार नाहीत, कारण प्रत्येकाचा हात धागा कमी-अधिक ओढतो. पुस्तकात दिलेले टाके पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताचे असतात. आपल्या हाताचे टाके आपणच मोजावे लागतात.