गेलेला रंग कुठून येतो?

मंडळी, मागे नांदेडला व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले. मुलीच्या हातावर कोडाचे डाग, दोन स्थळं परत गेलेली. म्हणाले, "सर, गेलेला रंग परत येतो म्हणतात, तो येतो कुठून?" आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, तेव्हा गडबडलो. आज लातूरला उत्तर देतो.

आपली वरची कातडी सारखी झडते. आत्ता हातावर आहे ती महिना-दीड महिन्यात गेलेली असेल. तरी आपण उघडे पडत नाही, कारण तिच्या तळाच्या थरात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. विरजणासारखं समजा. रोज दही संपतं, पण चमचाभर मागे ठेवलं की उद्याचं लागतं.

रंगाच्या पेशी मात्र वेगळ्या. कोडात शरीराच्याच संरक्षक पेशी त्यांना शत्रू समजून मारतात. म्हणून कोड लागट नाही, आणि महारोगाशी त्याचा संबंध नाही. हो, संबंध नाही, पुन्हा सांगतो.

आमचे नैयायिक दोन अभाव वेगळे मानतात. फुटलेल्या घड्याचा अभाव कायमचा. अजून न घडवलेल्या घड्याचा अभाव घडा झाला की संपतो. पांढरा डाग यातला कुठला? केस बघा! रंगाच्या मूलपेशी केसाच्या मुळाशी आडोशाला असतात; 2002 साली एमी निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी उंदरांत त्या दाखवल्या. उपचार लागू पडला की डागात तिळाएवढे ठिपके उमटतात, पुष्कळदा केसाभोवतीच. पेशी मुळातून वर चढून पसरतात, ठिपके एकमेकांना भिडतात. बोटांची टोकं, ओठ, जिथे केस नाहीत, तिथे रंग अवघड. डागातले केसही पांढरे झाले, तर तिथलं विरजणच संपत आलं. मग डाग वाढायचा थांबलेला असेल तर डॉक्टर चांगल्या कातडीतल्या रंगपेशी काढून तिथे लावतात.

बावची लावून उन्हात बसायची रीत आपल्याकडे जुनीच. तिच्यातल्या सोरालेनचा वापर आधुनिक वैद्यकानेही अतिनील किरणांबरोबर केला, पण मोजून-मापून. घरी करायला जाल तर कातडी भाजेल.

त्या गृहस्थांना आम्ही नंतर फोन केला. डागावरचे केस काळे आहेत का? "आहेत," म्हणाले. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, काही महिने धीर धरा, आणि स्थळवाल्यांना हे व्याख्यान ऐकवा, असं सांगितलं.