समुद्रावरचा हंगामी विमानतळ

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळाजवळ अनेक वर्षं दर हंगामाला नवी धावपट्टी आखली जायची. हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरचा बर्फ ऑक्टोबरपर्यंत साधारण दोन मीटर जाड व्हायचा. मग वरचं हिम लोटून पट्टी साफ करायची आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गाशा गुंडाळायचा. या दोन महिन्यांत तिथे सी-१७सारखी अवजड मालवाहू विमानंही उतरत.

न्यूझीलंडहून निघालेली अमेरिकी नौदलाची विमानं इथल्या बर्फावर पहिल्यांदा टेकली ती २० डिसेंबर १९५५ रोजी. पुढच्याच महिन्यात बर्फ फुटला आणि रिचर्ड विल्यम्स हा नौसैनिक ट्रॅक्टरसकट बुडाला. जवळच्या विल्यम्स फील्डला त्याचंच नाव आहे.

विमान टेकतं तोच क्षण सर्वांत धोक्याचा, असं आपल्याला वाटतं. पण बर्फ धावता भार पेलतो, त्याला जड जातो तो मुक्काम. तरंगत्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा पाण्यावर असतो. दोन मीटरच्या थरात तो वीसेक सेंटिमीटर भरतो. विमान तासन्‌तास उभं राहिलं की खालचा बर्फ हळूहळू खचतो. म्हणून शेजारी भोक पाडून पाण्याच्या पातळीवर नजर ठेवायची. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढलं, तर माल उतरवायचा राहिला असला तरी विमान आधी हलवायचं. दोन विमानं जवळजवळ उभी करायची नाहीत, हेही त्यातच आलं.

धावत्या विमानाचीही एक खोड आहे. त्याच्या भाराने बर्फात लाट उठते. एका ठरावीक वेगाला ही लाट विमानाच्या बरोबरीने पळते आणि तेव्हा बर्फ सर्वाधिक वाकतो. त्या वेगात रेंगाळून चालत नाही.

त्यात हा बर्फ खारट. त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे असतात. ऊन वाढलं की ते मोठे होतात, आणि जाडी तीच राहूनही ताकद घटते. नुसती जाडी मोजून भागत नाही, बर्फाचं तापमानही पाहावं लागतं.

पट्टीच आखलेली नसेल, तर सगळी भिस्त वैमानिकाच्या डोळ्यांवर. ट्विन ऑटरचा वैमानिक आधी विमानाच्या स्की बर्फावर नुसत्या घासून पुन्हा वर उठतो, घिरटी घालतो आणि खालचा माग न्याहाळतो. माग काळपट पडला, म्हणजे पाणी वर आलं. तिथे उतरायचं नाही. ढगाळ उजेडात मात्र सावलीच पडत नाही. उंचवटे दिसत नाहीत, जमीन किती खाली आहे तेही कळत नाही. अशा वेळी बर्फ भक्कम असूनही उतरणं जिवावर बेततं.

२०१७पासून मॅकमर्डोला चाकांची विमानं फिनिक्सच्या दाबून घट्ट केलेल्या हिमपट्टीवर उतरू लागली. तिच्याखाली एका हिवाळ्यात गोठलेला समुद्र नाही, कित्येक पटींनी जाड हिमस्तर आहे. त्यामुळे डिसेंबर उजाडला म्हणून तिथून बाडबिस्तरा हलवावा लागत नाही.