फोटोग्राफीचा क्लास नाही, घरामागचं जंगल होतं: पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरची गोष्ट

लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम दरवर्षी वन्यजीव फोटोग्राफीची स्पर्धा घेतं. या क्षेत्रात तिचा मान मोठा आहे. 2020 साली तिथं एका फोटोचा विशेष गौरव झाला. वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश, खाली काजव्यांनी पेटलेलं झाड. फोटोचं नाव 'लाइट्स ऑफ पॅशन', जागा आपली भंडारदऱ्याची आणि फोटो काढणारी पनवेलची 23 वर्षांची ऐश्वर्या श्रीधर.

आता काजव्यांचा फोटो काढायला काय लागतं, असं वाटेल. मोबाईल काढून बघा, काळा पडदा दिसेल. काजवा चमकतो क्षणभर. त्यामुळं कॅमेरा ट्रायपॉडवर न हलवता ठेवायचा, शटर काही सेकंद उघडं ठेवून एकामागून एक फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकत्र जोडायचे. त्यात काजवे दिसतात पावसाच्या आधीचे थोडेच दिवस, आणि नेमके तेव्हाच ढग येऊन तारे झाकतात. टॉर्च लावायचा तर प्रश्नच नाही. हा लखलखाट म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते, उजेड पडला की ती तुटते. दरवर्षी काजवे बघायला जाणारी गर्दी नेमकं हेच विसरते.

ऐश्वर्या हे कुठल्या फोटोग्राफी कॉलेजात शिकली नाही. तिची पदवी मास मीडियाची. वडील बीएनएचएस या जुन्या निसर्गसंस्थेचे सदस्य, लहानपणी ते तिला माथेरानच्या डोंगरात फिरायला न्यायचे. कॅमेरा शाळेत असतानाच हातात आला. 2011 मध्ये, चौदाव्या वर्षी, तिला 'सँक्चुअरी एशिया'चा यंग नॅचरलिस्ट पुरस्कार मिळाला होता. म्हणजे लंडनच्या फोटोमागं किमान नऊ वर्षांचं बघणं होतं.

पण तिचं खरं वजनदार काम उरणजवळच्या पाणजेचं. भरतीच्या पाण्यावर जगणारी ही पाणथळ जागा, हजारो पक्ष्यांचा मुक्काम. पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या आणि जागा कोरडी पडायला लागली. तिनं 2018 मध्ये 'पाणजे: द लास्ट वेटलँड' ही डॉक्युमेंट्री केली, ती दूरदर्शनवर दाखवली गेली. पुढं राज्यातल्या पाणथळ जागा ठरवणाऱ्या समितीवर तिची नेमणूक झाली. ताडोबाच्या माया वाघिणीवरही तिनं फिल्म केली, 'द क्वीन ऑफ तारू'. तारू हा तिथल्या आदिवासींचा देव, ताडोबा हे नावही त्याच्यावरूनच आलं असं सांगतात.

मग शिरूर कासारच्या पोरानं काय करायचं, पनवेल गाठायचं? तर नाही. शिरूर कासारला लागूनच पाटोदा तालुका आहे आणि तिथं 1994 साली जाहीर झालेलं नायगाव मयूर अभयारण्य. क्षेत्र साधारण 30 चौरस किलोमीटर, म्हणजे एका माणसाला पायाखाली घालता येईल एवढं. महागडी लेन्स नसली तरी कुठला मोर कुठल्या झाडावर रात्र काढतो, सकाळी कुठं उतरतो हे वहीत लिहिता येतं. फक्त दाणे टाकून मोर जवळ बोलवायचे नाहीत आणि वनखात्याचे नियम पाळायचे. आणि वेळ जपायची: नाच रंगतो पावसाच्या तोंडावर आणि पावसात, ऑगस्टनंतर पिसारा झडायला लागतो.